बोरीबंदर ते अपोलो बंदर: पाडलेल्या तटाच्या मागावर फोर्टची पायी फेरी

मुंबईच्या फोर्टमध्ये रोज लाखो माणसं कामाला येतात, पण तिथला किल्ला पाहिलेला माणूस विरळाच. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गावाभोवती तट उभारला आणि त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे ठेवले. पुढे १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, तोच तट पाडून टाकला. आज त्या काळच्या तटबंदीचा एक लहानसा तुकडा तेवढा शिल्लक आहे.

तरीही या भागातली कुठली इमारत कुठे उभी आहे आणि तिथेच का, याचं उत्तर त्या पाडलेल्या तटात सापडतं. तटाच्या आत जागा कमी, माणसं जास्त. म्हणून तिथल्या गल्ल्या अरुंद आणि घरं एकमेकांना खेटून. तटाबाहेर तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून मोकळं ठेवलेलं मैदान होतं. तट गेल्यावर तिथे रुंद रस्ते आणि त्यांच्या कडेला प्रचंड सरकारी इमारती उभ्या राहिल्या. म्हणून ही फेरी मी आतून बाहेर आखली आहे: बोरीबंदरला सुरुवात, बाजार गेटच्या रस्त्याने जुन्या गावात, चर्च गेटच्या जागेवरून बाहेर ओव्हलला आणि शेवटी अपोलो बंदरावरच्या गेटवेला. बरेच जण गेटवेपासून सुरू करतात. तसं केलं तर एकामागून एक सुंदर इमारती दिसतात, पण शहर कसं वाढलं ते हाती लागत नाही.

वाटेत आणखी एक गोष्ट शोधत चला. माहितीफलकांवर बहुतेक साहेबांची नावं आहेत. या इमारतींसाठी पैसा कोणी दिला, दगड कोणी घडवला, देखरेख कोणी केली, हे विचारलं की नावं बदलतात. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय, प्रेमचंद रायचंद, मुकुंद रामचंद्र, सीताराम खंडेराव वैद्य. ही नावं ठाऊक असली तर तोच दर्शनी भाग वेगळा दिसतो.

निघण्यापूर्वी

एकूण अंतर वळणं धरून साधारण चार किलोमीटर आहे. नुसतं चालायला तास-सव्वा तास पुरेल. पाहत जायचं तर साडेचार तास हाताशी ठेवा.

वेळ निवडताना बहुतेक लोक सकाळ सांगतात. मी दुपार सांगेन. स्थानकाची इमारत, एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, हायकोर्ट, राजाबाई टॉवर या सगळ्यांचे दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी असतो आणि कोरीवकाम सावलीत जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास निघालात, तर साडेचार-पाचला ओव्हलवर पोहोचता. तेव्हा तिरपं ऊन थेट त्या दगडांवर पडलेलं असतं. रविवारी रस्ते रिकामे मिळतात, पण आतून पाहण्यासारख्या जागा बऱ्याच बंद असतात. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेच्या दुपारी हा बेत करू नका. पावसाळ्यात ओला काळा बेसॉल्ट दगड फार देखणा दिसतो, फक्त पायऱ्या आणि फुटपाथ निसरडे असतात. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत तो महोत्सवच पाहा, कारण गर्दीत इमारती दिसत नाहीत.

यायला मध्य रेल्वेचं शेवटचं स्थानक आहेच. भुयारी मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाईनवरही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक अशी दोन स्थानकं आहेत, त्यामुळे फेरी मध्येच सोडावी लागली तरी परतीची सोय जवळ आहे. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी चर्चगेटहून टॅक्सी किंवा बस धरावी.

सोबत पाणी, टोपी, घट्ट चपला आणि जमलं तर दुर्बीण घ्या. दुर्बिणीचं मी आग्रहाने सांगतो. इथलं सगळ्यात सुरेख काम दुसऱ्या मजल्याच्या वर आहे आणि खाली उभ्या माणसाला ते नुसतं खडबडीत दिसतं. दुर्बीण नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळ ओढून पाहा. ओळखपत्र जवळ असू द्या. रिझर्व्ह बँक, टांकसाळ, न्यायालय आणि नौदलाच्या आवाराजवळ कॅमेरा खाली ठेवा. तिथले पहारेकरी हटकतात आणि ते त्यांचं कामच आहे. स्वच्छतागृहाची सोय सुरुवातीला स्थानकात आणि नंतर काळा घोडा परिसरात आहे, मधल्या टप्प्यात ती भरवशाची नाही.

दगड ओळखायला शिका

पुढे निघण्याआधी पाच मिनिटं दगडासाठी द्या. फोर्टमध्ये प्रामुख्याने तीन प्रकारचे दगड दिसतील. पहिला आपल्या सह्याद्रीचा काळा-निळसर बेसॉल्ट: कठीण, टिकाऊ, पण नाजूक नक्षीला दाद न देणारा. दुसरा मालाड आणि कुर्ल्याच्या खाणींतला पिवळट दगड, ज्याने या शहराच्या भिंतींना त्यांचा रंग दिला. तिसरा पोरबंदरचा फिकट चुनखडी दगड. तो मऊ असल्याने छिन्नी सहज चालते, म्हणून पानं, फुलं, प्राणी, माणसांचे चेहरे बहुधा त्यात कोरलेले असतात. मऊपणाची किंमतही तोच मोजतो. समुद्राची खारी हवा आणि धूर यांनी सर्वात आधी झिजतो तो हाच. एखाद्या कमानीखाली नाक झिजलेला चेहरा दिसला, तर तो पोरबंदरी असण्याची शक्यता मोठी.

टप्पा पहिला: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

स्थानकाच्या दारात उभं राहून स्थानक दिसत नाही. रस्ता ओलांडून महापालिका मुख्यालयाच्या बाजूला या. तिथे इमारत पाहण्यासाठीच केलेली एक लहान गॅलरी आहे, तिथून घुमटासकट सगळं एका नजरेत मावतं.

याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी सुटली. ही इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार काम १८७८ मध्ये सुरू झालं. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव आला आणि स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात तिची नोंद केली. स्टीव्हन्ससोबत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले अभियंते होते. कोरीवकामाचा मोठा भाग जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केला.

आता पाहायचं कसं? वरून खाली या. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली स्त्री आहे, ती प्रगतीची मूर्ती. घड्याळाखाली एक रिकामी जागा दिसेल. तिथे राणीचा पुतळा होता, तो नंतर काढला. मग दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटींतले चेहरे शोधा. हे स्थानक बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांच्या या शिल्पांमध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत नानांचं नाव पहिल्या काही जणांत घ्यावं लागतं. रोज लोकल पकडणाऱ्या मराठी माणसाने एकदा तरी मान वर करून त्यांना पाहावं, असं मला मनापासून वाटतं. शेवटी फाटकाच्या दोन खांबांकडे या: एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा.

नंतर आत जाऊन लोकलच्या तिकीटघराचं छत पाहा. खांबांच्या माथ्यावरची पानं-फुलं एकसारखी नाहीत. गर्दीत मध्ये थांबू नका, भिंतीकडेला उभे राहा.

तुमच्या पाठीमागे होती ती महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. ती आतून दाखवणारी वारसा फेरी महापालिकेने शनिवार-रविवारसाठी सुरू केली. जायचं असेल तर नोंदणी आधी करावी लागते आणि त्यासाठी वेगळा दिवस काढलेला बरा.

टप्पा दुसरा: जीपीओ आणि तटाचा उरलेला तुकडा

स्थानकाच्या दक्षिणेला, बाजूलाच, जनरल पोस्ट ऑफिस. जॉन बेग यांचा आराखडा, १९१३ मध्ये पूर्ण. इथे स्थानकाची गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची युरोपीय धाटणी मागे पडते आणि विजापूरची पुढे येते. घुमट पाहताच गोलघुमट आठवतो, तो आठवावा अशीच रचना आहे. स्थानक आणि जीपीओ यांच्यामध्ये पंचवीस वर्षांचंच अंतर, पण तेवढ्यात राज्यकर्त्यांची चव बदलली होती. आपली इमारत इंग्लंडातली वाटावी या हट्टाकडून ती इथल्या मातीतली वाटावी या खटपटीकडे ते वळले होते. शनिवारी टपालाचं काम चालू असेल तर आत जा आणि घुमटाखाली मधोमध उभं राहून वर पाहा. तिकीट लागत नाही.

आता जीपीओच्या मागच्या बाजूला, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात या. तिथे सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तटाचा उरलेला भाग आहे. काळ्या दगडाची जाड भिंत, बस. सजावट काही नाही. रुग्णालयाचं आवार आहे, तेव्हा मोठा घोळका घेऊन जाऊ नका आणि आवाज कमी ठेवा. पण ही भिंत चुकवू नका. पुढचे सगळे टप्पे तिच्याशी जोडलेले आहेत. तिची जाडी डोळ्यांत साठवून घ्या आणि एवढ्या तटाने वेढलेलं, तीन दरवाज्यांचं, दाटीवाटीचं गाव मनात उभं करा.

टप्पा तिसरा: पेरिन नरिमन स्ट्रीट, म्हणजे जुना बाजार गेट स्ट्रीट

जीपीओच्या समोरून दक्षिणेला आत जाणारा हा रस्ता. पर्यटकांच्या फेऱ्यांमध्ये तो सहसा नसतो, ते थेट दादाभाई नौरोजी रस्त्याने निघतात. माझ्या मते फोर्टचं सगळ्यात बोलकं अंग हेच आहे. उत्तरेचा हा भाग हिंदी व्यापाऱ्यांचा होता. पारशी, गुजराती, बोहरी पेढ्या, खाली दुकान आणि वर घर. अजूनही वरच्या मजल्यांवर लाकडी सज्जे, कोरलेले कंस, रंगीत काचांच्या खिडक्या दिसतात. खाली स्टेशनरी, रबरी शिक्के, हार्डवेअर यांची दुकानं आहेत. हमाल डोक्यावर खोकी घेऊन येत असतात, त्यांना वाट द्या.

१८०३ मध्ये फोर्टात मोठी आग लागली आणि बाजाराचा बराच भाग जळाला. त्यानंतर तटाबाहेर मैदानापलीकडे नवं गाव वसवायला जोर आला. आजचा काळबादेवी, भुलेश्वरचा दाट मुलूख वाढला त्यामागे ही आगही आहे.

पोटपूजा करायची तर इथेच करा. सुरुवातीलाच पंचम पुरीवाला आहे, पुरी-भाजीसाठी जुनं आणि नावाजलेलं ठिकाण. बसायला जागा थोडी असते, खाऊन लगेच उठावं लागतं.

पुढे माणेकजी सेठ अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, लागेल. मूळ स्थापना अठराव्या शतकातली. दाराशी पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत, प्राचीन इराणच्या राजवाड्यांची आठवण करून देणारे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, हे लक्षात ठेवून रस्त्यावरूनच पाहा. दारातल्या माणसाशी हुज्जत घालू नका आणि आत डोकावणारे फोटो काढू नका.

रस्ता मिंट रोडला मिळतो तिथे एक कारंजं आहे, रतनसी मूळजी जेठा यांचं. या व्यापाऱ्याचा मुलगा लहान वयात गेला, त्याच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये हे उभारलं. माथ्यावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे, खाली प्राण्यांची तोंडं. अनेक वर्षं ते मळलेलं, दुर्लक्षित होतं. अलीकडे त्याची निगुतीने दुरुस्ती झाली आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. मोठ्या इमारतींपेक्षा अशा लहान वास्तूंची दुरुस्ती अवघड असते, कारण त्यांच्यासाठी भांडणारं कोणी नसतं. इथे दहा मिनिटं थांबा.

टप्पा चौथा: हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक

मिंट रोडने दक्षिणेला रिझर्व्ह बँकेच्या कडेने निघालात की गल्लीबोळ अचानक संपतात आणि गोल बाग समोर येते. तटाच्या आतला हा गावचा चौक. पूर्वी इथे नुसतं हिरवं मैदान होतं आणि निर्यातीच्या कापसाच्या गासड्या तिथे रचल्या जात. १८४४ मध्ये कापूस कुलाब्याला गेला. पुढे पोलिस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांच्या कल्पनेतून १८७० च्या आसपास ही अर्धवर्तुळाकार इमारतींची माळ झाली, आणि तिला एल्फिन्स्टन सर्कल नाव मिळालं. स्वातंत्र्यानंतरचं नाव बेंजामिन हॉर्निमन यांचं. ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते. जालियनवाला बागेची हकिगत त्यांनी बाहेर आणली आणि १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं. इंग्रज गव्हर्नरचं नाव उतरवून इंग्रज पत्रकाराचं लावलं, ही निवड मला या शहराच्या मोठेपणाची वाटते.

कमानींखालून गोल फिरा. प्रत्येक कमानीच्या मधल्या दगडाकडे बघत चला, तिथे चेहरे कोरलेले आहेत. उन्हापावसात न भिजता चालता यावं म्हणून या कमानी. तो उपयोग आजही होतो. जवळच लाल रंगाची मुंबई समाचारची इमारत आहे. १८२२ मध्ये सुरू झालेलं हे गुजराती दैनिक आजही निघतं. आशियातल्या चालू वृत्तपत्रांत तेवढं जुनं दुसरं नाही. याच परिसरातल्या वडाच्या झाडांखाली १८५० च्या दशकात दलाल जमत. त्यातून पुढे १८७५ मध्ये शेअर बाजार उभा राहिला.

पूर्वेला, पांढऱ्या खांबांची आणि तीस पायऱ्यांची इमारत म्हणजे टाउन हॉल. कर्नल थॉमस काउपर यांच्या आराखड्याने १८२१ मध्ये काम सुरू झालं आणि १८३३ मध्ये इमारत खुली झाली. गॉथिक मुंबईत यायच्या कितीतरी आधीची ही ग्रीक धाटणी. इथेच एशियाटिक सोसायटी आहे, १८०४ मध्ये स्थापन झालेली.

पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरणारे बरेच दिसतील. तुम्ही वर जा. ग्रंथालयाच्या वेळेत, नोंदवहीत नाव लिहून, शांतपणे आत पाहता येतं का ते विचारा. आत संगमरवरी पुतळे आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम या दोघांबरोबरच जगन्नाथ शंकरशेटही तिथे आहेत. स्थानकाच्या भिंतीवर चेहरा पाहिलात, इथे पूर्ण मूर्ती पाहा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं संशोधन या संस्थेच्या आधाराने उभं राहिलं. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे येऊन वाचत बसत. मराठी विद्वत्तेचा केवढा तरी भाग या जुन्या लाकडी टेबलांवर घडला आहे. आत मोबाइल बंद ठेवा आणि वाचणाऱ्यांच्या मागून पाय न वाजवता जा.

टप्पा पाचवा: सेंट थॉमस, आणि चर्च गेटमधून बाहेर

टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून समोर, बागेपलीकडे, सेंट थॉमस कॅथेड्रलचा मनोरा दिसतो. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांनी १६७६ मध्ये पाया घातला, मग काम अनेक वर्षं अडलं आणि १७१८ च्या नाताळात ते प्रार्थनेसाठी उघडलं. शहराच्या मैलांच्या दगडांवरची अंतरं याच चर्चपासून मोजलेली असत.

आत प्रवेश मोफत आहे. प्रार्थना चालू असेल तर मागे बसून राहा. भिंतींवर स्मृतिशिला ओळीने लावलेल्या आहेत, त्या वाचत जा. एवढ्या लहान वयात इतकी माणसं इथे गेली हे वाचून अंगावर काटा येतो. इथली हवा आणि ताप त्यांना सोसला नाही. १८११ मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं स्मारक मोठं आहे. बनारस आणि काठियावाडात बालहत्या बंद करण्याच्या त्यांच्या कामाचा त्यावर उल्लेख आहे. दाराबाहेरचं उंच, टोकदार कारंजं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याचं. हे नाव ध्यानात ठेवा, अर्ध्या तासात पुन्हा भेटेल.

आता वीर नरिमन रोडने सरळ पश्चिमेला चाला. तटात असताना हा चर्चकडून दरवाज्याकडे जाणारा रस्ता होता. तो तेव्हा जिथे संपायचा, म्हणजे आज फ्लोरा फाउंटन आहे, तिथे चर्च गेट होतं. म्हणजे या चौकात पाऊल टाकलंत की तुम्ही किल्ल्याबाहेर पडलात. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांची रुंदी बघा, फरक लगेच कळतो.

टप्पा सहावा: हुतात्मा चौक

या चौकात दोन स्मारकं शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींना वेळ द्यायला हवा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्प जेम्स फोर्सिथ यांचं, दगड इंग्लंडच्या पोर्टलंडचा. रंग लावून लावून झाकून टाकलेला तो दगड अलीकडच्या दुरुस्तीत पुन्हा मोकळा झाला. त्याच कामात ट्रामचे जुने रूळही जमिनीखाली सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली.

शेजारी मशाल उंचावलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन लोक इथे आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लढा पुढे चालू राहिला, आणखी माणसं गेली, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. फेरीत मुलं असतील तर हे त्यांना इथे उभं राहून सांगा. स्मारकाच्या कट्ट्यावर बसून खाणंपिणं टाळा. दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरला इथे अभिवादनासाठी गर्दी असते. त्या दिवशी आलात तर आधी रांगेत उभे राहून फूल वाहा, इमारती नंतर.

टप्पा सातवा: ओव्हल, फेरीचं शिखर

वीर नरिमन रोडनेच पुढे जाऊन डावीकडे कर्मवीर भाऊराव पाटील मार्गाला वळा आणि ओव्हल मैदानाच्या कडेने दक्षिणेला चाला. डाव्या हाताला एका रांगेत सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत, हायकोर्ट, विद्यापीठ आणि जुनं सचिवालय. हा सगळा भाग तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर उभा आहे. तट पडला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. आणि पैसा? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच १८६५ मध्ये बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. पण तोवर शहराने मोठी स्वप्नं आखली होती आणि देणग्याही कबूल झाल्या होत्या.

हायकोर्ट जनरल जेम्स फुलर यांचं, १८७१ ते १८७८. काळा बेसॉल्ट, उभा चढता छपराचा उतार, दोन टोकांना न्याय आणि दया यांच्या मूर्ती. आत जायला परवानगी लागते. पण बाहेर उभं राहूनही एक गोष्ट आठवावी. १९०८ मध्ये याच इमारतीत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. त्या दालनाबाहेर त्यांचे निकालानंतरचे शब्द कोरलेला फलक आहे. कामानिमित्त कधी आत जाणं झालं तर तो शोधून वाचा.

पुढे राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, काम १८६९ ते १८७८. आराखडा पुन्हा गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम दृष्टी गेलेल्या आईला पाळता यावा म्हणून हे टोले, असं सांगतात. आता दुर्बीण काढा. मनोऱ्याच्या वरच्या भागात आणि कोपऱ्यांवर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांच्या मूर्ती आहेत, एकूण चोवीस. पगड्या, उपरणी, अंगरखे नीट पाहा; एकेका जातीची, पेशाची पगडी वेगळी ओळखू येते. या मूर्ती घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. परदेशात बसून काढलेल्या आराखड्यावर इथली माणसं चढवली ती या एका मराठी माणसाच्या हाताने, आणि एवढ्या उंचीवर असल्याने त्यांना पाहणारे फार थोडे. मनोऱ्यावर चढायला परवानगी नाही. शेजारच्या पदवीदान सभागृहाची गोल रंगीत खिडकी मैदानाच्या बाजूनेही दिसते.

मग पाठ फिरवा. मैदानापलीकडे, पश्चिमेला, गोलाकार सज्जे आणि फिकट रंगांच्या इमारतींची दुसरी रांग आहे. ती आर्ट डेको, १९३० च्या दशकातली, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर. या दोन रांगा धरून ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारशात दाखल झाला. मैदानात उभं राहून डावी-उजवीकडे पाहिलं की साठ वर्षांचा बदल एका जागेवरून दिसतो. क्रिकेट चालू असतं, चेंडूकडे लक्ष ठेवा.

टप्पा आठवा: काळा घोडा

जुन्या सचिवालयाच्या पुढे डावीकडे वळून महात्मा गांधी रस्त्यावर या. समोर वस्तुसंग्रहालयाचा घुमट दिसेल. जॉर्ज विटेट यांची ही इमारत १९१४ मध्ये तयार झाली, आधी लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. आज आत जाऊ नका. त्याला निदान तीन तास हवेत.

रस्त्याच्या पश्चिमेने उत्तरेला चालत एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय, आणि मग जुनं वॉटसन हॉटेल. ग्रंथालय १८७० चं, पिवळ्या मालाड दगडाचं. बगदादहून आलेल्या ससून घराण्याची खूण या भागात जागोजागी आहे. मागच्या गल्लीतलं १८८४ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही त्यांचंच, आणि ओळखपत्र दाखवून बहुधा आत पाहता येतं. वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी लुमिए बंधूंची चलच्चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. आज इमारतीची दशा पाहवत नाही. लांबून पाहा, खालून जाऊ नका.

चौकाला नाव देणारा मूळ पुतळा एडवर्ड राजपुत्राचा, घोड्यावर बसलेला. तो १९६५ मध्ये इथून हलवला, आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वार नाही. जहांगीर कलादालनात विनामूल्य जाता येतं, पाय दुखत असतील तर तिथे टेका.

टप्पा नववा: गेटवे

रिगल सिनेमावरून समुद्राकडे. रिगल १९३३ चं, वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स, म्हणजे स्थानक बांधणाऱ्या स्टीव्हन्सचा मुलगा. गेटवेपाशी सुरक्षा तपासणी असते, मोठ्या पिशव्या नसतील तर लवकर आत जाता. पंचम जॉर्ज १९११ मध्ये उतरले तेव्हा इथे ही कमान नव्हती. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि १९२४ मध्ये विटेट यांची ही वास्तू पूर्ण झाली. पिवळसर बेसॉल्ट, कमानींमधल्या जाळ्या ग्वाल्हेरच्या. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटचं ब्रिटिश पथक याच कमानीखालून बोटीत चढलं. समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, २६ जानेवारी १९६१ पासून.

ताजमहाल हॉटेल १९०३ चं. हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून परदेशी वास्तुविशारदाने जीव दिला, अशी कहाणी वाटाडे आजही सांगतात. ती खोटी आहे. सुरुवातीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्यांचं मध्येच निधन झालं आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. बोरीबंदरला स्टीव्हन्सच्या हाताखाली दिसलेले वैद्य ते हेच. कोणी ती कहाणी सांगू लागलं तर त्यांचं नाव सांगा.

परतीला रिगलपासून चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडे बस आणि टॅक्सी मिळतात. अंधार पडायच्या आत निघालात तर गर्दी कमी लागते. पुढच्या खेपेसाठी दोन तुकडे मी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. एक, दादाभाई नौरोजी रस्ता: १८९६ च्या नियमाने सक्तीच्या झालेल्या कमानींखालून सीएसएमटी ते हुतात्मा चौक, वाटेत पेटिट ग्रंथालय आणि वाच्छा अग्यारी. दोन, ओव्हलच्या पश्चिमेपासून मरीन ड्राइव्हपर्यंत आर्ट डेको, इरॉस सिनेमापासून सुरू करून. पहिला कामाच्या दिवशी दुपारी करा, दुसरा रविवारी सकाळी.